नाव आधी नोंदवा, नारळ मग फोडा

जाहीर कार्यक्रमाप्रमाणे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी. त्यासाठी घाट, रस्ते, पूल, वाहनतळ, साधुग्रामची जागा यांची मोजणी, संपादन, निविदा आणि त्यावरचे वाद हा नाशिककरांच्या रोजच्या चर्चेचा विषय आहे. एका जागेची मोजणी मात्र कोणी मागत नाही, कारण ती गोदाकाठी नसून इंटरनेटवर आहे. एखाद्या योजनेचे, ॲपचे, निवासव्यवस्थेचे नाव पत्रकार परिषदेत जाहीर होते, सकाळी पेपरात छापून येते. आणि मधल्या रात्रीत त्या नावापुढे डॉट कॉम किंवा डॉट इन लावून जगातला कोणीही माणूस ते हजारभर रुपयांत स्वतःच्या खात्यावर घेऊ शकतो. असे झाले तर काय होते, हे प्रयागराजने दाखवले आहे. २०२५ च्या महाकुंभाच्या तोंडावर तंबू आणि हॉटेलांच्या बुकिंगच्या बनावट वेबसाइट निघाल्या आणि उत्तर प्रदेश पोलिसांना भाविकांसाठी इशारे काढावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथचे हेलिकॉप्टर, यात्रेकरूंची निवासस्थाने, टॅक्सी आणि धार्मिक सहली यांच्या नावाने चालणाऱ्या खोट्या साइटबद्दल देशभर सावध केले. म्हणूनच हा मुद्दा संगणकवाल्यांवर सोडून देण्याजोगा राहिलेला नाही. नाव जाहीर करण्याआधी त्याचा इंटरनेटवरचा पत्ता नोंदवणे हे मालमत्ता राखण्याचे काम आहे, आणि ते न केल्याचा खरा फटका मोठ्या कंपन्यांपेक्षा द्राक्षे, पैठणी, कांदा अशी सामाईक नावे घेऊन जगणाऱ्यांना बसतो.

पत्ता मिळतो कसा, हे आधी जवळून पाहू. नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे रजिस्ट्रारच्या, साइटवर चौकटीत नाव टाइप करायचे. ते मोकळे असेल तर शेजारी दर दिसतो : डॉट इनला वर्षाला काही शे रुपये, डॉट कॉमला साधारण हजाराच्या आसपास. किती वर्षांसाठी हवे ते निवडायचे, पैसे भरायचे, झाले. तुम्ही नाशिकचे आहात का, या नावाशी तुमचा काय संबंध, हे त्या खिडकीवर कोणी विचारत नाही. पहिला येईल त्याला पहिले, एवढाच नियम. जमिनीच्या भाषेत सांगायचे तर येथे सातबारा नाही, वारसनोंद नाही, वहिवाटीचा हक्क नाही. आहे तो फक्त वर्षावर्षाने वाढवायचा भाडेपट्टा. त्यात नाशिकची स्वतःची एक अडचण आहे. शहराचे नाव रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिले जाते, एसनंतर एच घालून आणि न घालता; रेल्वे स्थानकाच्या इंग्रजी नावात अजूनही एच नाही. त्र्यंबकेश्वरचे तर विचारूच नका. ‘ट्राय’, ‘ट्रि’, ‘ट्र’, मध्ये वाय आहे की नाही, शेवटी डब्ल्यू की व्ही : प्रत्येक वळणावर एक नवा पत्ता तयार होतो, आणि प्रत्येक पत्ता वेगळ्या माणसाचा असू शकतो. एक नाव एकालाच मिळते याचा सौम्य नमुना सरकारी पत्त्यांतही दिसतो. नाशिक आणि नागपूर या दोन्ही महापालिकांची इंग्रजी आद्याक्षरे एनएमसी. ‘एनएमसी डॉट गव्ह डॉट इन’ हा सुटसुटीत पत्ता नाशिककडे आहे. नागपूरच्या पत्त्यात आद्याक्षरांमागे शहराचे नाव जोडलेले आहे. तेथे दोन्ही बाजूंना सरकारच असल्याने कोणाचे काही बिघडले नाही. खुल्या बाजारात मात्र दुसरी बाजू कोण असेल, याची हमी कोणी देत नाही.

ही दुसरी बाजू नेहमी चोराचीच असते असे नाही. काही जण केवळ अंदाज बांधून नावे घेऊन ठेवतात. याचे सर्वांना आठवणारे उदाहरण म्हणजे ‘जिओहॉटस्टार’. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार अशी चर्चा सुरू होताच २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका तरुण प्रोग्रामरने दोन्ही नावे जोडून डॉट कॉमचा पत्ता घेऊन टाकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्याच पत्त्यावर कंपनीला उद्देशून पत्र लावले : केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च द्या आणि नाव घ्या. कायदेशीर कारवाईचा इशारा आला, पत्ता दुबईतल्या दोन भावंडांकडे गेला, त्यांनी तो विनामोबदला देऊ केला, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी याच नावाने सेवा सुरू झाली. गोष्ट गोड झाली म्हणून तिच्यातला धडा विसरू नये. वकिलांची फौज आणि वाटेल तेवढा पैसा असलेल्या उद्योगसमूहाच्या नाकासमोरचे नाव एका माणसाने फक्त बातम्या नीट वाचून आधी उचलले. विलीनीकरणाची चर्चा, नामांतराचा प्रस्ताव, नव्या महामार्गाची घोषणा, नवी योजना, हे सारे नावांवर डाव लावणाऱ्यांना आधी कळते, कारण ते शोधत असतात. ज्यांचे नाव असते ते मात्र उद्घाटनाच्या गडबडीत असतात.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. यात वावगे काय, असे विचारले जाते. उद्या येथून रस्ता जाईल असा अंदाज बांधून कोणी आज जमीन घेतली, तर तो गुन्हा नव्हे. समृद्धी महामार्ग सिन्नर-इगतपुरीतून जाणार म्हटल्यावर आसपासच्या जमिनींकडे नजरा वळल्याच; मग नावे घेऊन ठेवणाऱ्यालाच साठेबाज का म्हणायचे? व्यापारात धोका पत्करणाऱ्याला नफा मिळतोच. मान्य. ‘कांदा’, ‘द्राक्ष’, ‘प्रवास’ असे सामान्य शब्द कोणी आधी घेतले असतील तर तो त्याचा धंदा आहे आणि त्याला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. पण साठेबाजी म्हणजे काय हे लासलगावच्या परिसराला शिकवावे लागत नाही. चाळीत ठेवलेला कांदा दर आठवड्याला वजनात घटतो, कोंब धरतो, पावसाळी हवेत सडतो. भाव कितीही चढेल असे वाटले तरी एक दिवस माल काढावाच लागतो. जमीनसुद्धा कर, कुंपण, अतिक्रमण यांच्या रूपाने मालकाला टोचत राहते. नाव सडत नाही. त्याची घट म्हणजे वर्षाचे नूतनीकरण शुल्क, तेही दोन माणसांच्या जेवणाच्या बिलाएवढे. त्यामुळे धरून ठेवणाऱ्याला विकण्याची घाई कधीच नसते, घाई असते ती फक्त घेणाऱ्याला. त्याची पाटी रंगवून झालेली असते, खोकी छापून आलेली असतात. जेथे एका बाजूला वाट पाहण्याची काहीच किंमत नाही आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक दिवस महाग, तेथे ठरणारा भाव नावाचे मोल दाखवत नाही, घेणाऱ्याची अगतिकता दाखवतो. यावर इलाज साठेबाजाला शिव्या देणे हा नाही. ज्या दिवशी आपल्याला घाई नसते त्या दिवशीच नाव घेऊन ठेवणे, हा आहे.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा : देशात कायदा आहे, न्यायालये आहेत, नाव आपलेच असेल तर परत मिळेल. कायदा आहे आणि त्याची परंपराही चांगली आहे. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू इंडिया’ नावाने चालणाऱ्या साइटला मनाई केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या तक्रारीवर ‘रॅडिफ’ असे एका अक्षराने वेगळे नाव वापरणाऱ्यांना रोखले आणि इंटरनेटवरचे नाव हा नुसता पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण हवे, अशी भूमिका घेतली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पक्के केले. मात्र डोमेन नावांच्या वादांसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही, हेही त्याच निकालात नोंदले गेले. न्यायालयाबाहेरही वाट आहे. डॉट कॉमसारख्या नावांसाठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय लवादाची पद्धत आहे, डॉट इनसाठी २००५ पासून आपली वेगळी. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडेच अशी सहा हजारांहून अधिक प्रकरणे अलीकडे वर्षाला दाखल होतात. हा आकडा कायदा काम करतो याचा पुरावा आहे, तसाच लोक वेळेवर जागे होत नाहीत याचाही. त्या संघटनेकडे एका नावासाठी सर्वात साधी तक्रार करायची तर शुल्कच १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त. वकिलाचे पैसे वेगळे. शिवाय तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : पत्ता आपल्या ट्रेडमार्कसारखा आहे, समोरच्याचा त्या नावावर काही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते बदहेतूने घेतले व वापरले. तुमचा ट्रेडमार्क जन्माला येण्यापूर्वीच त्याने नाव घेतले असेल, तर त्या वेळी त्याच्या मनात तुमच्याबद्दल बदहेतू होता हे दाखवणे महाकठीण. म्हणजे कायदा त्यालाच नीट वाचवतो, ज्याने आधीच नाव नोंदवले आहे. जो कायद्याच्या भरवशावर उशीर करतो, त्याच्यासाठी कायदा लंगडा पडतो.

शिवाय समोरचा माणूस लबाडच असेल असे कोठे आहे? ‘सह्याद्री’ हे नाव घ्या. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीतून उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स आहे, पुण्यात सह्याद्री नावाची रुग्णालये आहेत, दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री आहे. शिवाय याच नावाची पतपेढी, शाळा, गिर्यारोहण मंडळ महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत सापडेल. डोंगर सर्वांचा, नावही सर्वांचे, प्रत्येकाचा दावा खरा. पण डॉट कॉम लावलेला सह्याद्री एकच असू शकतो. कोणत्याही न्यायालयात यांतल्या एकाला ‘खरा सह्याद्री’ ठरवता येणार नाही आणि ठरवूही नये. अशा ठिकाणी निवाडा होतो तो फक्त तारखेवर. आपल्याकडे उद्योगांना देवांची, नद्यांची, गडांची, गावांची नावे देण्याची रीत आहे. गोदावरी, सप्तशृंगी, अंजनेरी, ब्रह्मगिरी ही नावे ठेवताना पुण्य लाभत असेल, पण कायद्याच्या नजरेत ती दुबळी नावे आहेत, कारण ती कोणाच्याही मालकीची नाहीत. असे नाव निवडायचे असेल तर त्याला जोडून स्वतःचा एखादा वेगळा शब्द आधी ठरवणे आणि तो जोडशब्द मोकळा आहे का हे पाहणे, ही कंपनीच्या नोंदणी अर्जाच्याही आधीची पायरी असली पाहिजे.

आता नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. नाशिक व्हॅली वाइन, नाशिकची द्राक्षे, येवल्याच्या मागांवरची पैठणी, लासलगावचा कांदा ही सारी भौगोलिक मानांकन मिळालेली नावे आहेत. २००३ मध्ये लागू झालेल्या कायद्याने ही मानांकने दिली जातात, आणि मानांकन मिळाले की सत्कार होतात, नाव सुरक्षित झाले असे सर्वांना वाटते. इंटरनेटवर ते सुरक्षित झालेले नसते. लवादाची पद्धत उभी आहे ट्रेडमार्कवर. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो, मानांकन एका प्रदेशातल्या सर्व उत्पादकांचे. हा फरक फ्रान्सच्या शॅम्पेन उत्पादकांना महागात पडला. ‘शॅम्पेन डॉट को’ हा पत्ता एका खासगी व्यक्तीकडे होता. तो मिळवण्यासाठी उत्पादकांची संघटना लवादाकडे गेली आणि २०११ मध्ये हरली, कारण मानांकन म्हणजे आपोआप ट्रेडमार्क नव्हे. शॅम्पेन या नावासाठी जगभर न्यायालये गाजवणारी ती संघटना. तिची ही गत, तर आपल्या द्राक्ष बागाईतदारांचे काय? शहराच्या नावाचीही तीच कथा. बार्सिलोना शहराच्या नावाचा डॉट कॉम पत्ता १९९६ मध्ये खासगी नावावर नोंदला गेला होता. लवादाने २००० मध्ये तो महापालिकेला दिला, पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला. शहराचे नाव हे स्थळाचे वर्णन आहे, त्यावर महापालिकेची ट्रेडमार्कसारखी मालकी नाही, असा त्या निकालाचा अर्थ. सामाईक विहिरीला वाली नसतो म्हणतात. पाणी सगळे नेतात, गाळ कोणी काढत नाही. ‘नाशिक’ आणि ‘पैठणी’ या आपल्या सामाईक विहिरी आहेत. यंत्रमागावरचा स्वस्त माल हातमागाची पैठणी म्हणून विकणाऱ्याने पैठणी शब्द असलेला छानसा पत्ता आधी घेतला, तर येवल्याच्या विणकराकडे त्याला हटवण्याचे हत्यार जवळपास नाही. मालाच्या खोटेपणाबद्दल तो तक्रार करू शकेल, मानांकनाच्या कायद्याने खटलाही भरू शकेल. तोपर्यंत लग्नसराई निघून गेलेली असेल.

तिसरा आक्षेप आजचा आहे : पत्ता टाइप करतो कोण? लोक गूगलवर शोधतात, क्यूआर कोड टिपतात, व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतात, इन्स्टाग्रामवर साडी पाहतात. हे निरीक्षण खरे आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. क्यूआर कोडच्या ठिपक्यांमागे बहुतेकदा पत्ताच असतो. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फसवणूक उलट सोपी होते. गूगल जे दाखवते तेही पत्तेच. समाजमाध्यमावरचे खाते हे दुसऱ्याच्या गाळ्यातले दुकान आहे. मालकाने नियम बदलले किंवा कोणाच्या तक्रारीवरून खाते गोठवले, की गिऱ्हाइकांसकट दुकान बंद. आणि सायबर पोलिस प्रत्येक इशाऱ्यात काय सांगतात? पैसे भरण्यापूर्वी वेबसाइटचा पत्ता तपासा. हा सल्ला तेव्हाच कामाचा, जेव्हा खरा पत्ता साधा आणि पाहताक्षणी ओळखू येणारा असतो. खऱ्या संस्थेचाच पत्ता तीन जोडरेघा आणि चार आद्याक्षरांचा असेल आणि खोट्याचा सुटसुटीत, तर तपासणारा भाविक खोट्यालाच खरा समजेल. या मुद्द्याचे वजन रिझर्व्ह बँकेने ओळखले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने देशातल्या बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा विभाग जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्वांना तेथे येण्यास सांगितले. या विभागात नाव फक्त बँकेलाच मिळते, आणि तेही रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या संस्थेमार्फत. पत्ते निरर्थक झाले असते, तर मध्यवर्ती बँकेने एवढ्या बँकांना घर बदलायला लावले नसते.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे, आणि तो मला सर्वात रास्त वाटतो. स्पेलिंग अनंत, डॉट कॉम, डॉट इनसारख्या शेपट्या शेकडो. सगळे घेत बसलो तर कधी संपायचे, आणि सगळे घेणे म्हणजे आपणही साठेबाजच नाही का? म्हणूनच मर्यादा आखून घ्यावी. लहान उद्योगाला किंवा संस्थेला चार-पाच नावे पुरतात : मुख्य नाव डॉट इनमध्ये आणि डॉट कॉममध्ये, लोक हमखास चुकतात असे एक-दोन स्पेलिंग, आणि देवनागरीतले एक. बाकीची सगळी मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवायची. वर्षाचा खर्च चार-पाच हजारांच्या घरात, म्हणजे एका फ्लेक्सच्या पैशांत. त्याच्या जोडीला ट्रेडमार्कचा अर्ज. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. ज्या नावाखाली आपण खरोखर काम करणार ते राखणे वेगळे आणि दुसऱ्याचे नाव अडवणे वेगळे. दोन्हींतला फरक वापर ठरवतो. देवनागरीबद्दल नाक मुरडले जाते, पण ‘डॉट भारत’ हा पर्याय ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत मिळतो आणि त्यात मराठीचा समावेश पहिल्यापासून आहे. त्याचा वापर कमी आहे, अनेक ठिकाणी असा ईमेल पत्ता स्वीकारला जात नाही, हे मान्यच. तरीही मराठी पाटी लावणाऱ्याने मराठी पत्ता दुसऱ्यासाठी मोकळा का सोडावा? देवनागरीत लिहिताना त्र्यंबकचे रोमनमधले सगळे घोळ एका झटक्यात मिटतात, हा फायदा नाशिककरांनी तरी ओळखायला हवा.

नाव घेणे हे अर्धेच काम. ते हातून न निसटू देणे हे उरलेले अर्धे, आणि बहुतेक नावे येथेच जातात. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलानेच पत्ता त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डाने घेतलेला असतो. तो पुण्याला नोकरीला जातो, संचालक मंडळ बदलते, आणि नूतनीकरणाची सूचना कोणीच न उघडणाऱ्या मेलपेटीत पडून राहते. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारकडे जास्तीत जास्त दीड महिन्याची सवलत, त्यानंतर दंड भरून सोडवण्याचे तीस दिवस, मग पाच दिवसांची शेवटची घटका. त्यानंतर नाव पुन्हा खुले. काही रजिस्ट्रार तर सवलतीच्या काळातच ते लिलावात काढतात. मोडीत निघालेल्या वस्तूचे काय होऊ शकते हे नाशिकला वेगळे सांगायला नको. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत काढलेली यंत्रे लिलावातून तेलगीच्या हाती लागली आणि त्यांतून बनावट मुद्रांकांचा केवढा कारभार उभा राहिला, ते साऱ्या देशाने पाहिले. यंत्र जुने होते, पण त्यातून निघणाऱ्या कागदावर लोकांचा विश्वास कायम होता. सोडून दिलेला जुना पत्ता नेमका तसाच असतो. त्याचे दुवे वर्षानुवर्षे लोकांच्या मोबाइलमध्ये, जुन्या पत्रिकांवर, पावत्यांवर राहतात. नवा मालक त्या विश्वासाचा आयता वारस होतो. म्हणून पत्ता संस्थेच्या नावावर, संस्थेच्याच ईमेलवर असावा, एका वेळी अनेक वर्षांचे पैसे भरावेत, आणि मुदतीची तारीख लेखापरीक्षणात विम्याच्या हप्त्याशेजारी लिहिलेली असावी.

मग करायचे कोणी काय? एकट्या विणकराने किंवा बागाईतदाराने सामाईक नावाचा भार उचलावा अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्या संघटनांनी, बाजार समित्यांनी, जिल्हा उद्योग केंद्राने एकत्र बसून जिल्ह्याच्या मानांकित नावांची यादी करावी, त्यांचे मोकळे पत्ते घ्यावेत आणि अधिकृत उत्पादकांना त्याखाली उपपत्ते वाटावेत. मानांकित नावांचा ट्रेडमार्कही सामूहिक स्वरूपात घेता येतो. लवादापुढे उभे राहायला तेवढा आधार होतो. डॉट इन आणि डॉट भारत यांचा कारभार केंद्राच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेकडे आहे. मानांकनाच्या नोंदवहीतली नावे निदान या दोन ठिकाणी तरी राखीव ठेवावीत, अशी मागणी नाशिकमधून गेली तर ती देशातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या उपयोगाची ठरेल. हे अशक्य नाही. २००५ मध्ये डॉट इन सर्वांसाठी खुले करताना आधी ट्रेडमार्कधारकांना संधी दिली होती. तो मान मानांकनाला मिळाला नाही एवढेच. आणि सिंहस्थासाठी नियम अगदी साधा हवा : पैसे स्वीकारणारी प्रत्येक सेवा सरकारी ‘गव्ह डॉट इन’च्या छत्राखाली, कारण तो पत्ता खासगी माणसाला मिळतच नाही, आणि कोणत्याही नव्या नावाच्या फाइलवर, घोषणेची तारीख ठरण्याआधी, पत्ता नोंदवल्याचा शेरा.

याने फसवणूक थांबेल असा दावा नाही. फसवणारा नवे स्पेलिंग शोधेल, नवी शेपटी लावेल. पण खरा पत्ता खऱ्याच्या हाती असेल तर खोट्याला वाकडी वाट धरावी लागते, आणि वाकडी वाट पोलिसांना दाखवता येते, लोकांना ओळखता येते. नाशिकरोडच्या छापखान्यातून शंभर वर्षे तिकिटे, मुद्रांक बाहेर पडले, पासपोर्ट छापले जाऊ लागले. त्यांच्यावरचा विश्वास शाईइतकाच, त्यांचा कोरा कागद बाजारात कोणालाही विकत मिळत नाही यावर उभा आहे. आपली नावे मात्र आपण कोऱ्या कागदासारखी खुल्या बाजारात ठेवून देतो आणि मग त्यावर कोणी काय छापले म्हणून तक्रार करतो. नारळ फोडण्याचा मुहूर्त काढायला आपल्याकडे वेळ असतो. नाव नोंदवायला दहा मिनिटे लागतात. ती त्या मुहूर्ताच्या आधीची असावीत.